छातीतल्या जळजळीचा पत्ता

इंग्रजीत तिला 'हार्टबर्न' म्हणतात, पण जळजळ हृदयाची नसते. मराठीत आपण 'पित्त झालंय' म्हणतो. आयुर्वेदातलं पित्त म्हणजे केवळ यकृतातला पित्तरस नव्हे. माधवनिदानात 'अम्लपित्त' असं वेगळं प्रकरण आहे आणि आंबट-कडू ढेकर, छाती-घशातली आग ही लक्षणं त्यात दिलेली आहेत. लक्षणं ओळखीची होती. आग नेमकी कुठे लागते, हे कळायला मात्र फार काळ गेला.

जठरातला आंबटपणा हायड्रोक्लोरिक आम्लाचा आहे, हे विल्यम प्राउट यांनी लंडनमध्ये १८२३ साली दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी, ६ जून १८२२ रोजी, अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर फरच्या व्यापारात राबणारा ॲलेक्सिस सेंट मार्टिन बंदुकीच्या गोळीने जखमी झाला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. रेशमी दोऱ्याला बांधलेलं अन्न त्या भोकातून आत सोडायचं, काढून पाहायचं, अशी निरीक्षणं बोमाँट यांनी वर्षानुवर्षं केली आणि १८३३ मध्ये छापली. रस रिकाम्या पोटात साठून राहत नाही, अन्न आलं की पाझरतो, हे त्यांना दिसलं. म्हणजे आम्ल हा रोग नव्हे, जठराचं रोजचं काम. सेंट मार्टिन मात्र या प्रयोगांना विटला होता. १८८० मध्ये तो वारला, तेव्हा प्रेत डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून घरच्यांनी ते मुद्दाम कुजू दिलं.

मग जळजळ कशाची? १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲशर विंकलस्टाइन यांनी मांडलं की, वर चढलेल्या जठररसाने अन्ननलिकेचा दाह होत असावा. जठराला आतून श्लेष्माचा जाड थर असतो. अन्ननलिकेला तसं संरक्षण नसतं. दोन्हींच्या मध्ये स्नायूंची झडप असते. ती अवेळी सैल पडली की आम्ल वर येतं. दोष आम्लाचा कमी, जागेचा जास्त.

औषधांनी मात्र नेम आम्लावरच धरला. खायचा सोडा तयार आम्ल मारतो. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेलं सिमेटिडीन (ब्रिटन, १९७६) हिस्टामिनचा इशारा अडवतं. ओमेप्राझोल (स्वीडन, १९८८) आम्लाचा पंपच बंद करतं, म्हणून ते जेवणाआधी घ्यायचं. त्याने अन्ननलिकेची जखम भरते, पण झडप घट्ट होत नाही. म्हणून रात्री लवकर जेवणं, पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं, वजन आटोक्यात ठेवणं, हे जुने उपाय अजून टिकून आहेत.

अमेरिकेत ओमेप्राझोल २००३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. सोय आहे, पण घास अडकणं, वजन घटणं किंवा काळी शौच होणं अशा खुणा त्याआड झाकू नयेत. आणि नावाचा घोटाळा उलटाही होतो. जबड्यात किंवा हातात जाणारं, घाम फोडणारं, चालताना वाढणारं दुखणं 'पित्त असेल' म्हणून गोळीवर निभावू नका. तिथे पत्ता खरोखरच हृदयाचा असू शकतो. लगेच रुग्णवाहिका बोलवावी.