आधी सैनिकांना, मग अशक्तांना: फ्लूच्या लशीची गोष्ट

पावसाळा जवळ आला की बचत गटांच्या बैठकीत आम्हाला हमखास विचारलं जातं, "ताई, घरात किमो चालू असलेलं माणूस आहे. त्याला फ्लूची लस चालते का?" उत्तरासाठी थोडं मागे जाऊ या.

१९१८ च्या जूनमध्ये फ्लूची साथ मुंबईच्या गोदीकडून शहरात शिरली आणि पुढे रेल्वेने गावोगाव पोचली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, धान्य महागलं. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. अर्धपोटी राहून आजाऱ्यांची सेवा त्याच करत होत्या. लस नव्हती, आजाराचं खरं कारणच कळलेलं नव्हतं.

माणसातला फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना सापडला. पुढे अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून, तो मारून लस केली. दुसऱ्या महायुद्धात ती आधी मिळाली धडधाकट सैनिकांना. १९४७ मध्ये मात्र विषाणूने रूप बदललं आणि तीच लस निकामी ठरली. म्हणून ही लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.

१९५७ च्या साथीत दिसलं, की फ्लूने जीव जास्त करून अशक्तांचेच जातात. १९६० मध्ये अमेरिकेच्या आरोग्य प्रमुखांनी सल्ला दिला: जुने आजार असलेले, म्हातारे आणि गरोदर बायका यांना आधी लस द्या. रांगेची सुरुवातच बदलली.

आपल्याकडे २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला. २०१० मध्ये पुण्यातच नाकात फवारायची लस तयार झाली. तिच्यात विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला असतो. किमो, एचआयव्ही, मूत्रपिंड बदललेलं, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेलं, अशा माणसांना ती देत नाहीत. त्यांच्यासाठी इंजेक्शनची लस असते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. किमोच्या कोणत्या दिवशी घ्यायची, ते मात्र डॉक्टरांनाच विचारायचं.

अशक्त शरीरात लशीचा जोर थोडा कमी पडतो. म्हणून घरातल्या बाकीच्यांनीही लस घेतली, तर आजार उंबरठ्याबाहेर राहण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, तेव्हा लस त्याआधीच घ्यावी. कोणाला मोफत मिळते, ते आरोग्य केंद्रात आशाताईंना विचारावं. नाहीतर गटातून अंतर्गत कर्ज काढायला हे कारण मोठंच आहे.

अमेरिकेने साठहून जास्त वर्षांपूर्वी अशक्तांना रांगेत पुढे आणलं. आपल्या घरात मात्र आजारी बाई अजून शेवटी उभी असते. या पावसाळ्याआधी गटातल्या अशा बायकांची यादी करू या, आणि लशीच्या दिवशी एकेकीसोबत कोण जाणार, तेही त्याच बैठकीत ठरवू या.