बारा व्होल्टची जाड तार

गाडीच्या डिकीत सबवूफर बसवायचा म्हटले की पुढच्या बॉनेटखालच्या बॅटरीपासून मागच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत एक तांबडी तार ओढावी लागते. ही तार चांगली करंगळीएवढी जाड असते. आमच्या स्वयंपाकघरातला ७५० वॅटचा मिक्सर मात्र पेन्सिलीएवढ्या केबलवर वर्षानुवर्षे चटण्या वाटतो आहे, आणि त्या केबलीच्या आत दोन-तीन बारीक तारा असतात. मग गाणी वाजवायला एवढी दोरखंडासारखी तार कशाला? माझ्या एका पुतण्याने मला हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्याला फोनवरच उत्तर दिले, पण नंतर वाटले की या तारेमागे चांगला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. मी इतिहासाचा मास्तर, विज्ञानाचा नव्हे. पण ऑफ तासाला आठवीच्या मुलांना पुष्कळदा वीज शिकवली आहे, तेवढ्या भांडवलावर हा लेख.

सुरुवात एका मास्तरापासूनच करतो. गेओर्ग ओम हा जर्मनीत कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत असे. १८२७ साली त्याने पुस्तक काढले आणि तारेतून किती प्रवाह वाहील ते दाब आणि विरोध यांवर कसे ठरते हे मांडले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले, त्याने नोकरीही सोडली. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले ते १८४१ साली. (पुस्तकानंतर चौदा वर्षांनी! शिक्षकांना पगारवाढ उशिरा मिळते ही तक्रार जुनीच म्हणायची.) त्याच १८४१ साली मँचेस्टरजवळच्या एका दारूभट्टीवाल्याच्या मुलाने, जेम्स जूलने, दुसरी गोष्ट दाखवली. तारेतली उष्णता प्रवाहाच्या नव्हे, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. गाडीतल्या जाड तारेचे सगळे रहस्य या एका ‘वर्गात’ आहे.

आता मिक्सरचा हिशेब करू. घरात २३० व्होल्ट असतात, म्हणून ७५० वॅटला सव्वातीन अँपिअर पुरतात. तोच मिक्सर गाडीच्या १२ व्होल्टवर चालवायचा तर ६२ अँपिअर लागतील. घराच्या भिंतीतून जाते ती अडीच चौरस मिलिमीटरची तार गाडीत पाच मीटर ओढली आणि तिच्यातून साठ अँपिअर सोडले, तर दोन व्होल्ट वाटेतच संपतील आणि त्या तारेत १२० वॅट उष्णता तयार होईल. म्हणजे जुन्या शंभर वॅटच्या दिव्यापेक्षा जास्त, आणि तीही सीटखालच्या कार्पेटमध्ये दडपलेली. याच जागी एकवीस चौरस मिलिमीटरची, म्हणजे ज्याला दुकानदार ‘चार गेज’ म्हणतात ती तांब्याची तार घातली, तर वाटेत पाव व्होल्ट जातो आणि उष्णता पंधरा वॅटच्या आसपास राहते. जाडी हवी ती यासाठी.

या ‘गेज’चीही गंमत आहे. आकडा लहान तितकी तार जाड. मुलांना हे उलटे का, असे वाटते. पूर्वी तार तयार करताना धातूची सळई भोकांतून ओढत, प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक भोक. जितक्या जास्त वेळा ओढली तितकी बारीक झाली आणि तितका तिचा आकडा मोठा. प्रत्येक कारखान्याचे मोजमाप वेगळे असल्याने गोंधळ होई. तेव्हा १८५७ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावच्या ब्राउन अँड शार्प या कंपनीने ठरीव पायऱ्यांचे माप काढले. दर तीन पायऱ्यांना तारेचा छेद निम्मा होतो. इंग्रजांनी आपले वेगळे माप १८८४ साली कायदेशीर केले आणि तेच आपल्याकडे आले. आमच्या पिढीतले वायरमन ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ म्हणत, त्याचा अर्थ बावीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात तारा. गाडीच्या सामानाच्या दुकानात आता अमेरिकन आकडे चालतात. दोन्हींत फरक आहे, हे पुष्कळ दुकानदारांना ठाऊक नसते.

पण गाडीत वीज आली कशी? १९१२ साली चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला, आणि हँडल मारून हात मोडून घेण्याचे दिवस संपत आले. स्टार्टर आला म्हणून मोठी बॅटरी आली, बॅटरी भरायला डायनॅमो आला. मग वीज आहेच तर आणखी काय चालवता येईल, असे लोकांना वाटणारच.

शिकागोच्या पॉल गॅल्विनला ते वाटले. १९२८ साली त्याने आणि त्याच्या भावाने छोटा कारखाना काढला होता. घरातले रेडिओ तेव्हा बॅटऱ्यांवर चालत. ते घरातल्या विजेवर चालवण्यासाठी लागणारे उपकरण ते बनवत. पुढच्याच वर्षी मंदी आली. १९३० च्या जून महिन्यात अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचे अधिवेशन होते, आणि गॅल्विनने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून ती तिथे नेऊन उभी केली. मोटार आणि त्या काळच्या ‘व्हिक्ट्रोला’ ग्रामोफोनचे शेपूट जोडून त्याने ‘मोटोरोला’ हे नाव केले. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले. आपल्या हातात मोबाइल आला तेव्हा त्यावर जे नाव होते ते मुळात गाडीतल्या रेडिओचे!

हा रेडिओ बसवणे म्हणजे शस्त्रक्रियाच. त्याच्या व्हॉल्व्हना शंभरावर व्होल्ट लागत आणि गाडीच्या बॅटरीत होते सहा. म्हणून पाटाखाली, म्हणजे गाडीच्या फळीखाली, कोरड्या बॅटऱ्यांची पेटी ठेवत. एरियल छताच्या अस्तरात शिवत. इंजिनाच्या प्रत्येक ठिणगीचा कडकडाट रेडिओत ऐकू येई, तो दाबायला स्पार्क प्लगना रोधक लावत. गॅल्विनने कर्ज मिळावे म्हणून एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीला आग लागली, असे सांगतात. कर्ज काही मिळाले नाही. गोष्टीत तिखटमीठ असेलही, पण ज्याने गाडीतले वायरिंग उघडून पाहिले आहे त्याला ती अशक्य वाटणार नाही.

कोरड्या बॅटऱ्यांवर पुढे तोडगा निघाला तो ‘व्हायब्रेटर’. विजेच्या घंटेसारखी एक पट्टी सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा थरथरून सहा व्होल्टचा सरळ प्रवाह तोडत-जोडत राही. असा तुटका प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये घातला की व्होल्ट वाढवता येतात. गाणे सुरू होण्याआधी हा गुणगुणे. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला बॅटरीचे व्होल्ट पुरतात, त्यामुळे हळूहळू व्हायब्रेटर गेला. त्याच सुमारास अमेरिकन गाड्यांनी सहा व्होल्ट सोडून बारा धरले. कारण तेच, ओम आणि जूलचे. इंजिने मोठी झाली, स्टार्टरला प्रवाह जास्त लागू लागला, आणि व्होल्ट दुप्पट केले की प्रवाह निम्मा होतो, उष्णता चौथाई. फोक्सवॅगनच्या बीटलने मात्र सहा व्होल्ट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ओढले. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला तोही याच काळात. त्यात गॅल्विनचाच जुना सहकारी एल्मर वेव्हरिंग याचा मोठा हात होता. ज्याने गाडीत रेडिओ कोंबायला मदत केली त्यानेच पुढे त्याला पुरेल इतकी वीज करायची सोय केली, हे मला फार आवडते.

मग बारा व्होल्ट पुरले का? बोलण्याला आणि लताबाईंच्या आवाजाला पुरले. ढोलाला पुरेनात. आपला कान खालच्या सुरांना मंद आहे; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली बेल प्रयोगशाळेत ते मोजून दाखवले. खर्जातला आवाज मधल्या सुराइतकाच मोठा वाटायचा तर कितीतरी जास्त शक्ती लागते, शिवाय स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते. बारा व्होल्ट सरळ वापरले तर नेहमीच्या चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे वीसेक वॅटच देता येतात, कितीही भारी अ‍ॅम्प्लिफायर आणा. हा कारागिराचा दोष नव्हे, गणिताची भिंत आहे.

ती ओलांडायला १९७० च्या दशकात लोकांनी जुन्याच व्हायब्रेटरची युक्ती नव्या कपड्यांत आणली. (गाडीसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर करणाऱ्या आरंभीच्या लोकांत अ‍ॅरिझोनाचा जिम फॉसगेट हे नाव १९७३ पासून दिसते.) अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतच ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तोडतात, छोटा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवतो आणि मग शेकडो वॅट निघतात. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ चित्रपटात थिएटरे हलवण्यासाठी प्रचंड स्पीकर लावले होते. पुढच्या काळात तोच धरणीकंप तरुणांनी डिकीत घातला. आपल्याकडे मारुती आली १९८३ च्या अखेरीस, पाठोपाठ मागच्या फळीवर दोन स्पीकर आणि कॅसेट प्लेअर. सबवूफर पुष्कळ नंतरचा. त्याआधी रेडिओसाठी पोस्टात लायसन्सचे पैसे भरणारी आमची पिढी गाडीत रेडिओ ऐकणाऱ्याकडे जहागीरदार असल्यासारखी बघे!

पेटीच्या आत व्होल्ट वाढले तरी बॅटरीपासून पेटीपर्यंतचा रस्ता बाराच व्होल्टचा राहिला. म्हणून ती जाड तार. आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

पुतण्याने सामान बसवून घेतले एका दुकानात. नाव सांगत नाही. काम दोन तासांत झाले, आवाज उत्तम, पोरे खूष. पंधरा दिवसांनी गाडीत जळकट वास येऊ लागला. माझा धाकटा भाऊ एस.टी. वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. त्याने बॉनेट उघडले आणि पहिल्यांदा बॅटरीची तार काढली. इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून तार आत नेली होती, पण भोकात रबरी ग्रोमेट नव्हते. धारेवर घासून तारेचे कवच कापले गेले होते. आणि फ्यूज? होता की! मागे डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरशेजारी, तारेच्या दुसऱ्या टोकाला.

इथे नीट लक्ष द्या, विशेषतः ज्यांच्या घरात वीस-बावीस वर्षांची मुले आहेत त्यांनी. तो फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो. अ‍ॅम्प्लिफायरला त्याचे फ्यूज अंगावरच असतात. हा फ्यूज तारेसाठी आहे. गाडीचा सारा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला, म्हणजे धन तार वाटेत कुठेही पत्र्याला टेकली की शॉर्ट. बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि डिकीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तो प्रवाह तिथपर्यंत पोचतच नाही. धरणाचा दरवाजा कालव्याच्या शेपटाला बांधून काय उपयोग? तो बॅटरीपाशीच हवा, हातभर अंतराच्या आत. तारेला झेपेल त्याहून मोठा नको. एडिसनने १८९० साली फ्यूजचे पेटंट घेतले, तेव्हापासून कल्पना तीच आहे: सगळे जळण्याऐवजी एक कमकुवत तुकडा आधी जळू द्यायचा.

त्या तारेला आणखी एक खोट होती. भावाने कवच सोलून चाकूने खरवडले तर तांब्याखाली पांढरी धातू. तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम! अशी तार तांब्याच्या दोन-तृतीयांशच वीज वाहते. वापरू नये असे नाही, पण मग त्या हिशेबाने जाड घ्यावी लागते. ‘चार गेज’ म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक. वर कवच भरपूर जाड, त्यामुळे बाहेरून तार गलेलठ्ठ दिसते.

पेटीवर छापलेले ‘१००० वॅट’ही असेच. भावाची पद्धत सोपी आहे: पेटीवरचा आकडा वाचायचा नाही, अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज वाचायचे. तीस-तीसचे दोन असतील तर साठ अँपिअर. इंजिन चालू असताना साधारण चौदा व्होल्ट, म्हणजे आत गेले आठशेचाळीस वॅट. त्यातले जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये निम्म्याच्या आसपास आवाजात उतरतात, ‘क्लास डी’ असेल तर ऐंशी टक्के. हजार कुठून आले ते छापणाऱ्याला विचारावे. लहान गाडीच्या अल्टरनेटरला त्याच वेळी दिवे, पंखा, एसीही सांभाळायचे असतात. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद झाले तर गाडी आपली तक्रारच सांगत असते.

पुतण्याची तार बदलली. तांब्याची घातली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, भोकाला ग्रोमेट, मागे पत्र्यावरचा रंग खरवडून ऋण तार बोल्टने आवळली. (रंगावर आवळली तर जोड कच्चा राहतो.) गाण्याच्या बारीक तारा गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेल्या, शेजारून नेल्या तर कधी कधी इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते. गॅल्विनच्या ठिणग्यांची ही नात!

गाड्या अजूनही बाराच व्होल्टवर का, असे तुम्ही म्हणाल. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी बेचाळीस व्होल्टचा घाट घातला होता, पण प्रत्येक दिवा, मोटर आणि स्विच बदलण्याचा खर्च पाहून तो बारगळला. २०२३ च्या अखेरीस टेस्लाने आपल्या सायबरट्रकमध्ये अठ्ठेचाळीस व्होल्ट आणले. तिथे आमचा ७५० वॅटचा मिक्सर सोळा अँपिअरवर चालेल, आणि तार पुन्हा पेन्सिलीएवढी पुरेल. फ्यूज मात्र तिथेही बॅटरीशेजारीच लागेल.