पुस्तकांची पेटी आणि मोहफुलांचा हंगाम

वाचनालयातील बालविभाग, सुटीतील गोष्टींचे वर्ग, आईबापांसह मुलांचे कार्यक्रम हे सारे अलीकडच्या शहरी पालकांचे खूळ आहे, असे पुष्कळांना वाटते. आम्हांसही काही काळ तसेच वाटत असे. परंतु या गोष्टीची मुळे शंभर वर्षांहून मागे जातात, आणि तीही एका मराठी राजाच्या संस्थानात.

बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातले. १९०६ साली त्यांनी आपल्या संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मात्र शाळेत अक्षरे शिकलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही, तर ती अक्षरे किती दिवस टिकणार? अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास बोलावून घेतले आणि मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन करून आपला खासगी ग्रंथसंग्रह प्रजेच्या स्वाधीन केला. त्या ग्रंथालयात स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती आणि मुलांसाठी निराळी खोली होती. तेथे चित्रांची पुस्तके होती, तसे खेळही होते. मूल खेळावयास येते आणि जाताना पुस्तक घेऊन जाते, हे ओळखणारा माणूस मुलांना जाणणारा असला पाहिजे!

पण आम्हांस अधिक मोलाची वाटते ती दुसरी योजना. खेड्यांसाठी लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये धाडली जात, आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च खाते सोशीत असे. गावात कायमचे वाचनालय हवे असेल, तर गावाने जितकी वर्गणी जमवावी तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, असा नियम होता. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रे दाखवीत. ग्रंथालय लोकांच्या दाराशी गेले, हे या चळवळीचे मर्म होय.

आमच्या भंडारा जिल्ह्याला असे काही लाभले नाही. हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांतात आणि नंतरच्या मध्य प्रदेशात होता. साहजिकच फैजी समितीच्या शिफारशींवरून मुंबई प्रांताने आखलेली ग्रंथालय-योजना येथवर पोहोचली नाही. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले व वर्गानुसार अनुदान मिळू लागले. लाभ झाला, यात शंका नाही. मात्र कायद्यात ग्रंथालय-कर नाही, आणि तुटपुंज्या अनुदानात बालविभाग म्हणजे बहुधा एक कपाट.

असेच एक कपाट आम्ही पाहिले आहे. एकदा मे महिन्यात धर्मग्रामातील काही मुलांना घेऊन आम्ही एका वाचनालयात गेलो. कपाटाला कुलूप होते. पुस्तक हरवले तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागतो, असे तेथील गृहस्थांनी हात जोडून सांगितले. त्यांचा राग येण्याचे कारण नव्हते. पण बरोबर आलेली मुलेही मोजकीच होती, ही गोष्ट आम्हांस अधिक बोचली. बाकीची कोठे होती? चैत्रात पहाटे मोहफुले वेचावयाची, पुढे वैशाखात तेंदूपाने तोडून त्यांचे पुडे बांधावयाचे. घरातील लहानमोठे सारे त्या कामास जुंपलेले. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. कचेऱ्या व शाळा बंद असलेल्या शहरास तो काळ सोयीचा होता. आमच्या झाडीपट्टीत वसंत ऋतू कष्टांचा, आणि पाऊस पडला की धानाची रोवणी.

मग येथील फुरसतीचा हंगाम कोणता? तो लोकांनी केव्हाच ठरवून ठेवला आहे. हलका धान घरात आला, दिवाळी झाली, की भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते, दिवसा दंडार व खडी गंमत, रात्री नाटक. आजीपासून नातवापर्यंत सारे कुटुंब एका ठिकाणी बसते. कुटुंबांसाठी कार्यक्रम आखणाऱ्या ग्रंथपालाने याहून अधिक काय मागावे? शिवाय गोष्ट झाडीबोलीत सांगितली, तर आजीही ऐकावयास बसते. त्या बोलीचे धन डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी मोठ्या कष्टाने अभ्यासून पुढे आणले आहे. तिची लाज बाळगण्याचे दिवस संपले आहेत.

म्हणून एका वर्षी आम्ही बडोद्याचा कित्ता गिरविला. धर्मग्रामातील घरांतून मुलांची पुस्तके मागून एक पत्र्याची पेटी भरली आणि मंडईच्या दिवशी नाटकाच्या मंडपाबाहेर सतरंजीवर उघडून ठेवली. पहिला तासभर कोणी फिरकले नाही. मग जिलेबीचा पुडा हातात असलेली एक मुलगी आली, हात फ्रॉकला पुसून बसली आणि धाकट्या भावाला वाचून दाखवू लागली. संध्याकाळपर्यंत सतरंजीवर जागा उरली नाही. पेटी त्याच गावात एका शिक्षकांच्या ओसरीवर ठेवून आम्ही परतलो. होळीच्या सुमारास ती परत आली, तेव्हा सात पुस्तके कमी होती. आमच्या वहीत त्या सातांपुढे ‘हरवली’ असे न लिहिता ‘गावात आहेत’ असे लिहिले आहे.