सीडी नसली तरी संगणक पूर्ववत

शिरूर असो वा दौंड, संगणक बिघडला आणि विंडोजची सीडी हाताशी नाही म्हणून पुणे गाठायचे, तर अख्खा दिवस मोडतो. वास्तविक २०१२ मधील विंडोज ८ पासून कार्यप्रणाली पूर्ववत करण्याची सोय संगणकातच दिलेली आहे.

विंडोज १० व ११ मध्ये 'शिफ्ट' कळ दाबून 'रीस्टार्ट' निवडावे. संगणक सुरूच होत नसल्यास, प्रयत्न लागोपाठ फसल्यावर दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो. तेथे 'ट्रबलशूट' व नंतर 'रीसेट धिस पीसी' निवडावे.

पुढचा निर्णय महत्त्वाचा. 'कीप माय फाइल्स'मुळे छायाचित्रे व कागदपत्रे राहतात. मात्र हिशेबाची किंवा श्रीलिपीसारखी स्वतंत्रपणे घातलेली सॉफ्टवेअर पुसली जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग'ने सारेच जाते. २०२० पासून उपलब्ध असलेल्या 'क्लाउड डाउनलोड'ला सुमारे ४ जीबी डेटा लागतो. इंटरनेट मंद असल्यास 'लोकल रीइन्स्टॉल' सोयीचे.

काम अर्ध्यावर असताना वीज जाणे घातक ठरते. त्यामुळे लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. डेस्कटॉपला यूपीएस हवा. 'बिटलॉकर' चालू असल्यास ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

हार्डडिस्कच निकामी झाली असेल, तर यातील काहीही उपयोगी पडत नाही. म्हणून संगणक धडधाकट असतानाच महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवणे हाच खरा उपाय होय.