१८०० सालची धूळ

१३ नोव्हेंबर १८३३. उजाडायला अजून वेळ आहे. तुम्ही अमेरिकेत न्यू हेवनच्या रस्त्यावर उभे आहात आणि एका उल्केकडे बोट नेईपर्यंत वीसेक निसटून गेलेल्या असतात. देशभर कित्येकांनी गुडघे टेकलेत. त्यांच्या लेखी जगाचा अंत आलाय.

येल कॉलेजातले डेनिसन ओल्मस्टेड शेजाऱ्यांच्या हाकेने उठून बाहेर आलेत. ते करतायत तेच तुम्हीही करा: प्रत्येक रेघ मनातल्या मनात मागे न्या. सगळ्या सिंह राशीत, मघा नक्षत्राच्या विळ्यात जाऊन मिळतात. तासाभराने पुन्हा बघा. सिंह वर चढला तशी ती जागाही त्याच्याबरोबर चढली. म्हणजे हा हवेतला खेळ नव्हे. कण बाहेरून, समांतर येतायत आणि पृथ्वी त्यांच्यावर जवळजवळ समोरासमोर आदळतेय, सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने.

आता जमीन सोडा आणि कण आले त्या वाटेने उलटे निघा. टेम्पल-टटल धूमकेतू सुमारे ३३ वर्षांत एक लंबगोल फेरी मारतो. एक टोक पृथ्वीच्या कक्षेपाशी, दुसरं युरेनसच्या थोडं पलीकडे, आणि चाल ग्रहांच्या उलटी. सूर्याजवळ बर्फाची वाफ होते, धूळ सुटते. सुटताना एखाद्या कणाची कक्षा एक टक्क्याने जरी मोठी झाली, तरी तो पुढच्या फेरीला सहा महिने उशिरा पोचतो. त्यामुळे धूळ आडवी फारशी पसरत नाही, लांबत जाते. प्रत्येक फेरीचा असा एक बारीक धागा, शेजारच्या धाग्यांत न मिसळलेला. तुमच्यावर कोसळला तो १८०० चा. त्या फेरीत धूमकेतू कुणाला दिसलासुद्धा नव्हता!

वर्षाव परत येईल हे भाकीत १८६६ साली खरं ठरलं, म्हणून १८९९ मध्ये युरोप-अमेरिकेत लोक मोठ्या आशेने जागे राहिलेत. थांबा त्यांच्यासोबत. फुटकळ उल्का, बस्स. १८७० मध्ये शनीने आणि १८९८ मध्ये गुरूने प्रवाह बाजूला ओढलाय. स्टोनी आणि डाउनिंग या शास्त्रज्ञांनी गणित मांडून तसं बजावलंही होतं, पण ऐन वेळी मिळालेली सूचना उत्साहापुढे टिकत नाही. खगोलशास्त्राची चांगलीच शोभा झाली.

त्याच फेरीत धूमकेतू मात्र नवी धूळ सोडून गेला.

दोन फेऱ्या पुढे या: १७ नोव्हेंबर १९६६, ॲरिझोनातलं किट पीक. मागच्या दोन फेऱ्यांतल्या निराशांमुळे फार मोठी अपेक्षा कुणाचीच नाही, आणि पहाटे बघणारे सेकंदाला चाळीस उल्कांचा अंदाज बांधतायत. ही १८९९ ची धूळ. तुम्हाला हे ठाऊक आहे. शेजारी दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्यांना अजून नाही. पुढे रॉबर्ट मॅकनॉट आणि डेव्हिड ॲशर या खगोलशास्त्रज्ञांनी एकेक धागा सुटा मोजला आणि १९९९ च्या वर्षावाची वेळ दहा मिनिटांच्या आत अचूक सांगितली. तो धागाही १८९९ चाच होता.