गणवेशाचं माप कोण घेणार?

मंडळी, जिल्हा परिषद शाळेतल्या लेकरांना गणवेश फुकट मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो घ्यायचा कोणी अन् शिवायचा कोणी, यावर सरकारनं २०१७ ते २०२४ या काळात चारदा मत बदललं. तो इतिहास आपण लवकर विसरतो.

आधी दोन गणवेशांचे ४०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. २०१७ साली फर्मान निघालं की पालकांनी आधी गणवेश विकत घ्यावा, पावती दाखवावी, मग पैसे मुलाच्या अन् आईच्या संयुक्त खात्यात जमा होतील. शहरात ठीक आहे हो. पण रंगुबेलीच्या मजुरानं चारशे रुपयांसाठी बँकेत खेटे घालायचे म्हणजे मजुरी बुडाली, वरून गाडीभाडं. राज्यभर ओरड झाली अन् पुढच्याच वर्षी पैसे परत समितीकडे आले. समग्र शिक्षेत रक्कमही ६०० झाली.

मग आलं 'एक राज्य, एक गणवेश'. २०२३ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी घोषणा केली, तोवर बऱ्याच समित्यांनी गणवेशाची सोय करून टाकली होती. म्हणून तीन दिवस शाळेचा, तीन दिवस सरकारचा, अशी तडजोड निघाली! एक गोष्ट मात्र चांगली झाली. आधी सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालची मुलंच पात्र होती. आता उरलेली मुलंही आली. एकाच बाकावरचा भेद मिटला.

२०२४-२५ ला खरा गोंधळ झाला. सुमारे ४४ लाख लेकरं, कापडाची खरेदी राज्य पातळीवर, शिलाई 'माविम'च्या बचत गटांकडे. दुसऱ्या, स्काउट-गाइडच्या गणवेशाचं नुसतं कापड शाळेत येणार, शिलाईला १०० रुपये. शंभरात शर्ट-पँट शिवून देणारा शिंपी कोणाला माहीत असेल तर सांगा. विदर्भात शाळा १ जुलैला उघडल्या. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला राज्यातल्या कितीतरी शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत उभी होती. जिथं गणवेश पोचला, तिथं कोणाला ढगळ, कोणाला तोकडा. शेवटी २० डिसेंबर २०२४ ला शासन निर्णय निघाला आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा समितीकडे गेलं.

बाहेरच्या देशांतही हा घोळ आहेच. श्रीलंकेत १९९३ पासून सरकार गणवेशाचं कापड फुकट देतं. मधे त्यांनी कापडाऐवजी व्हाउचर देऊन पाहिलं, नंतर पुन्हा कापडावर आले. अलीकडे तर चीननं दिलेलं कापडही वाटलं. इंग्लंडमध्ये गणवेश शाळाच ठरवते, पण पालकांवर खर्चाचा बोजा पडू नये म्हणून २०२१ मध्ये कायदा झाला. फ्रान्सच्या सरकारी शाळांत सक्तीचा गणवेश नव्हताच. त्यांनी २०२४ मध्ये विचार केला, तर आधी शंभरेक शाळांत करून पाहायचं ठरवलं. आपण एकदम ४४ लाखांना हात घातला.

आता दर आहे एका गणवेशाला ३०० रुपये, म्हणजे २०१८ मध्ये ठरला तोच. अन् समितीत कायद्यानं ७५ टक्के पालक असतात, निम्म्या बाया. आपल्या गावच्या समितीत कोण कोण आहे अन् यंदा कापड कुठून घेतलं, ते शाळेत जाऊन एकदा विचारा.