हळदीच्या मुलखातील काढे

1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणीत, आणि सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव मराठी वाचकांस बहुधा नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळेच ठाऊक असते. परंतु ज्या वसमतच्या हळदीस 2024 साली भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, तिच्या मुलखात हाडांची काळजी कशी वाहिली जात असे, हाही विषय उपेक्षणीय नव्हे.

हळद काढली की काहिलीत शिजवावी, खळ्यावर पसरून दहा-पंधरा दिवस उन्हात कडकडीत वाळवावी आणि मग वरची साल जाईपर्यंत घासावी. या खटाटोपातून निघालेले हळकुंड मुक्या मारावर लेपात आणि निजताना दुधात पडे. वैद्याच्या काढ्याने गुण आला नाही, तर हकिमाच्या जोशांद्याकडे वळण्यास निजामी अमदानीत कोणाची हरकत नसे.

हाड मोडले तर मात्र हाडजोड आठवे. ही चौधारी, सांध्यासांध्यांची वेल कच्ची खाल्ली तर घसा असा खवखवतो, की तुपात परतल्यावाचून तिच्या वाटेस जाऊ नये. बनारसच्या उडुप आणि प्रसाद यांनी 1964 च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून तिने अस्थिभंग लवकर सांधतो असा निष्कर्ष काढला. तथापि मोडलेले हाड सांधणे निराळे आणि झिजणारे हाड राखणे निराळे. आजीची पाठ वाकली तर ते वय समजले जाई. तिची अस्थिघनता मोजून ठिसूळपणाच्या उणे अडीच या सीमांकाशी ताडण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक तर 1994 चा.

ज्या काढ्यांस घरोघर हाडांचे श्रेय मिळाले, त्या तुळस, आले, गवती चहाच्या पाण्यात कॅल्शियम नाममात्रच उतरते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात ते सुमारे 120 मिलिग्रॅम असते आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रीस रोज 1200 मिलिग्रॅम लागते. म्हणजे हळदीच्या दुधातही हाडांच्या वाट्याचा ऐवज दुधाचाच, हळदीचा नव्हे. हाडांस हवे असलेले ऊन आणि अंगमेहनत तर खळ्यावर बिनखर्चाने मिळे, म्हणून त्यांची नोंद कोणत्याच वैद्याच्या वहीत झाली नाही. हल्ली उकडण्यास बॉयलर आणि घासण्यास फिरते पिंप आल्याने त्यांतली मेहनत बरीच यंत्राकडे गेली आहे.